सुट्टीतल्या मैफली: इंदूरमध्ये पहिल्यांदा प्रत्यक्ष गाणे ऐकायला निघालेल्या विद्यार्थ्यांसाठी

परीक्षा संपली की उन्हाळ्याचे दोन महिने आवडीचे गाणे मनसोक्त ऐकायचे आणि जमेल तेवढे ते मैफलीत बसून ऐकायचे, असा बेत दर वर्षी अनेक विद्यार्थी करतात. प्रत्यक्षात कार्यक्रम कोठे होतात, आत कोणाला सोडतात, तिकीट असते की नाही, किती वाजता पोहोचावे आणि मुख्य म्हणजे तासभर चाललेल्या ख्यालात (एकच राग फुलवत नेणाऱ्या शास्त्रीय गायनप्रकारात) नेमके काय ऐकावे, हे कोणी सांगत नाही आणि बेत जूनपर्यंत तसाच राहून जातो. महाविद्यालयात असताना मी माझ्या सुट्ट्या इंदूरमध्ये याच नादात घालवल्या. त्या काळात जे विचारत विचारत शिकावे लागले, ते येथे क्रमाने मांडत आहे. यातला मोठा भाग शास्त्रीय संगीताबद्दल आहे, कारण नवख्याची सर्वांत जास्त अडचण तेथेच होते. तिकिटाच्या मोठ्या कार्यक्रमांबद्दलही पुढे लिहिले आहे.

1. आधी हंगाम समजून घ्या

उन्हाळा हा मैफलींचा भर हंगाम नव्हे, ही गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करा. उज्जैनचा कालिदास समारोह कार्तिकात असतो. ग्वाल्हेरचा 1924 पासून चालत आलेला तानसेन समारोह आणि पुण्याचा 1953 पासूनचा सवाई गंधर्व महोत्सव हे दोन्ही डिसेंबरात होतात आणि खजुराहोचा नृत्य महोत्सव फेब्रुवारीत. एप्रिल ते जून या काळात ऊन, परीक्षा आणि लग्नसराई यांमुळे आयोजक मोठे कार्यक्रम टाळतात आणि अनेक नामवंत कलाकार याच महिन्यांत परदेश दौऱ्यावर असतात. त्यामुळे सुट्टीत मोठ्या महोत्सवांच्या मागे लागलात तर पदरी निराशाच येईल.

मात्र याच काळात जे मिळते ते नवख्याला अधिक उपयोगाचे असते, असे माझे स्पष्ट मत आहे. चैत्र नवरात्रात मराठी वस्त्यांतल्या मंदिरांत होणारी कीर्तने, एखाद्या गुरूंच्या घरी शिष्यांनी मांडलेली छोटी बैठक, संगीत वर्गांचे वार्षिक कार्यक्रम, 31 मे रोजी येणाऱ्या अहिल्यादेवींच्या जयंतीच्या सुमाराचे सांस्कृतिक कार्यक्रम आणि जुलैतल्या गुरुपौर्णिमेचे कार्यक्रम, अशी ही सगळी साखळी आहे. येथे श्रोते मोजके असतात, कलाकार दहा हातांवर बसलेला असतो आणि प्रवेश बहुधा विनामूल्य असतो. नारदीय कीर्तनाला गाणे न समजण्याची चूक करू नका. चांगला कीर्तनकार पूर्वरंगात (निरूपणात) आणि उत्तररंगात (आख्यानात) मिळून पदे, साक्या, दिंड्या, अभंग आणि एखादे नाट्यपद इतक्या सहजपणे गातो, की त्या एका तासात कानाला पुष्कळ वळण लागते.

सावधगिरीची एक सूचना येथेच करतो. परीक्षांचे वेळापत्रक मे महिन्यातही सरकू शकते. म्हणून बाहेरगावच्या कोणत्याही कार्यक्रमाचे आरक्षण करण्यापूर्वी आपल्या विभागातून अंतिम वेळापत्रक आणि प्रात्यक्षिक परीक्षेची तारीख लेखी स्वरूपात पाहून घ्या.

2. एकच धागा धरा

सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात नवखे श्रोते सर्व काही ऐकण्याचा प्रयत्न करतात: आज सतार, उद्या ठुमरी, परवा कव्वाली. महिन्याभराने त्यांना विचारले तर काय ऐकले ते सांगता येत नाही. त्याऐवजी एक गायक किंवा एक राग निवडा आणि संपूर्ण सुट्टी त्याच्याभोवती बांधा. इंदूरमध्ये राहणाऱ्याला ही निवड सोपी आहे, कारण या शहराच्या नावाचे स्वतंत्र घराणे आहे आणि त्याचा मूळ पुरुष ज्या गल्ल्यांतून वावरला, त्या अजून येथेच आहेत.

उस्ताद अमीर खाँ (1912–1974) यांचे वडील शहामीर खाँ होळकर दरबारी सारंगी आणि बीन वाजवीत. घरी येणाऱ्या गायकांचे गाणे ऐकत मुलगा वाढला. भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ, किराणा घराण्याचे अब्दुल वहीद खाँ आणि आपल्या शेजारच्या देवासचे रजब अली खाँ या तिघांच्या गायकीचा संस्कार घेऊन त्यांनी स्वतःची अतिविलंबित, अंतर्मुख शैली घडवली. त्यांचा आवडता ताल झुमरा. चौदा मात्रांचा (ठोक्यांचा) हा ताल त्यांच्या लयीत इतका संथ चालतो, की एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, पुरी व्हायला मिनिटाच्या आसपास वेळ लागतो. नवख्याला पहिल्यांदा वाटते, की काहीच घडत नाही. पण त्याच वेळी ते मेरुखंडाच्या पद्धतीने मोजक्या स्वरांची मांडणी सतत बदलत असतात. चार स्वरांच्या अशा 24 मांडण्या होतात आणि सात स्वरांच्या 5040. यांपैकी रागाला शोभतील तेवढ्याच निवडायच्या, हे त्या गाण्यातले खरे काम आहे. ते एकदा लक्षात आले, की संथपणा खटकेनासा होतो.

त्यांची मारवा आणि दरबारी या दोन रागांची दीर्घ ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध आहे. सुरुवात तिच्यापासून करा. पहिल्या दिवशी फक्त पहिली दहा मिनिटे ऐका, दुसऱ्या दिवशी तीच दहा मिनिटे पुन्हा ऐका आणि मगच पुढे जा. ऐकताना दुसरे कोणतेही काम करू नका आणि शक्य असेल तर इयरफोन बाजूला ठेवून खोलीत साध्या स्पीकरवर ऐका, म्हणजे तंबोऱ्याचा नाद हवेत कसा भरतो याची थोडीफार कल्पना येते.

ज्यांना इतकी संथ लय सुरुवातीला झेपत नाही, त्यांनी कुमार गंधर्वांपासून सुरुवात करावी. 1948 मध्ये क्षयाने आजारी असताना ते माळव्याच्या कोरड्या हवेसाठी देवासला आले आणि 1992 मध्ये निधन होईपर्यंत तेथेच राहिले. आजारपणात गाणे बंद असताना त्यांच्या कानावर माळवी स्त्रियांची गीते आणि नाथपंथी गायकांची निर्गुणी भजने पडत राहिली. पुढे त्यांतूनच त्यांनी धूनउगम, म्हणजे लोकधुनांतून उगवलेले, राग घडवले. त्यांचे गाणे छोट्या, टोकदार आकृत्यांचे असते, बंदिशीचे, म्हणजे रागात बांधलेल्या गीताचे, शब्द स्पष्ट ऐकू येतात आणि एकेक चीज (बंदिशीलाच चीज म्हणतात) दहा-बारा मिनिटांत पूर्ण होते. नवख्या कानाला हा आकार पेलतो.

विनामूल्य साधन म्हणून आकाशवाणीची रागम ही शास्त्रीय संगीताची वाहिनी तिच्या मोबाइल ॲपवर चोवीस तास उपलब्ध असते. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आकाशवाणीवर 1952 पासून चालू आहे. यूट्यूबवर ऐकताना मात्र मथळ्यात लिहिलेले रागाचे नाव खरे मानून चालू नका, कारण हौशी मंडळींनी चढवलेल्या ध्वनिमुद्रणांत रागांची नावे पुष्कळदा चुकलेली असतात.

3. सम ओळखायला शिका

मैफलीत आजूबाजूचे लोक एकाच क्षणी मान हलवतात आणि आपल्याला कारण कळत नाही, हा प्रत्येक नवख्याचा अनुभव असतो. तो क्षण म्हणजे सम, तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा. गायक बंदिशीचा मुखडा, म्हणजे सुरुवातीचे शब्द, घेऊन तेथे येऊन पोहोचतो. राग ओळखता आला नाही तरी चालेल, पण सम ओळखता आली पाहिजे, कारण तिच्यावाचून आलाप किती लांब गेला आणि परत कसा आला, याचा अंदाजच येत नाही.

शिकण्याची रीत सोपी आहे. अंगठा सोडून उरलेल्या चार बोटांवर प्रत्येकी तीन पेरी आहेत, म्हणजे एकूण बारा: हा झाला एकताल. प्रत्येक बोटाचे टोकही धरले की सोळा होतात: हा झाला तीनताल. अंगठ्याने पेरी मोजत मध्यलयीतला (मध्यम गतीचा) तीनताल आठवडाभर ऐका. नवव्या मात्रेला, म्हणजे तिसऱ्या बोटाच्या पहिल्या पेऱ्यावर, डग्ग्याचा (तबल्याच्या जोडीतल्या डाव्या, खर्ज वाद्याचा) घुमारा नाहीसा होतो. त्या मात्रेला ‘खाली’ म्हणतात. खाली सापडली, की तेथून आठ मात्रांवर सम असते आणि चुकलेला हिशेब प्रत्येक आवर्तनात दुरुस्त करता येतो. मध्यलय जमल्यावर विलंबित (संथ) एकतालाकडे वळा. तेथे प्रत्येक मात्रेच्या पोटात तबलजी आणखी बोल भरतो, म्हणून सुरुवातीला गोंधळ होईल, पण मुखड्याचे शब्द पाठ झाले की तेच तुम्हाला समेपर्यंत घेऊन जातात. कार्यक्रमाला जाण्यापूर्वी त्या गायकाच्या दोन-तीन नेहमीच्या बंदिशींचे मुखडे ऐकून ठेवण्याचा फायदा यासाठीच असतो.

बहुतेक रागांची गाण्याची वेळ ठरलेली असते, तिचेही थोडे भान ठेवा. मे महिन्यात इंदूरला सूर्यास्त सातच्या सुमारास होतो. त्यामुळे साडेसहाला सुरू होणारी बैठक मारवा, पूरिया, श्री यांसारख्या संधिप्रकाशाच्या रागांना नेमकी जुळते आणि साडेसातला सुरू होणाऱ्या मैफलीत तुम्हाला बहुधा यमन, पूरिया कल्याण किंवा बिहाग ऐकायला मिळतो. दरबारी किंवा मालकंस हे मध्यरात्रीचे राग प्रत्यक्ष ऐकायला मिळणे मात्र अवघड असते. उघड्या जागेत रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत ध्वनिक्षेपकाला मनाई आहे आणि बंदिस्त सभागृहांना नियमात सूट असली तरी सभागृहाच्या स्वतःच्या वेळा असतात, त्यामुळे बहुतेक कार्यक्रम दहाच्या आगेमागे आटोपतात. पहाटेचे आणि दुपारचे राग ऐकायचे असतील तर रविवारच्या सकाळच्या बैठकी शोधा. भर उन्हाळ्यात टळटळीत दुपारी ऐकलेला वृंदावनी सारंग ज्याने अनुभवला, त्याला रागसमयाची कल्पना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

4. कार्यक्रमांची बातमी कोठे मिळते

छोट्या बैठकीची जाहिरात होत नाही, त्यामुळे केवळ इंटरनेटवर शोधून तुम्हाला जेमतेम निम्मे कार्यक्रम सापडतील. हिंदी दैनिकांच्या इंदूर पुरवणीत ‘आज शहर में’ अशा स्वरूपाचे छोटे रकाने असतात, ते रोज सकाळी पाहा. रवींद्र नाट्यगृह, जाल सभागृह, प्रीतमलाल दुआ सभागृह आणि अभिनव कला समाज यांच्या बाहेर फलक लागतात. आठवड्यातून एकदा तिकडून चक्कर मारली तरी पुरे. शासकीय संगीत महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर विद्यार्थ्यांच्या आणि पाहुण्या कलाकारांच्या कार्यक्रमांची माहिती असते. मराठी कार्यक्रमांसाठी सानंद न्यास आणि महाराष्ट्र साहित्य सभा यांच्याकडे चौकशी करा.

सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे माणसे. रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, साउथ तुकोगंज या भागांतल्या कोणत्याही कार्यक्रमाला गेलात, तर पहिल्या दोन रांगांत पांढऱ्या केसांचे काही नेमाचे श्रोते दिसतील. मध्यंतरात त्यांच्यापाशी जाऊन, “काका, पुढची बैठक कोणाकडे आहे?” एवढे विचारा. तरुण मुलगा किंवा मुलगी स्वतःहून विचारते आहे, याचाच त्यांना इतका आनंद होतो, की व्हॉट्सॲपच्या ज्या गटांत अशी निमंत्रणे फिरतात, त्यांत तुमचा क्रमांक त्याच दिवशी जोडला जातो.

5. प्रवेशाचे प्रकार आणि त्यांतल्या अडचणी

‘निःशुल्क प्रवेश’ याचा अर्थ जागा राखीव आहे असा होत नाही. अशा ठिकाणी वेळेआधी अर्धा तास पोहोचा, कारण पुढच्या काही रांगा निमंत्रितांसाठी अडवून ठेवलेल्या असतात आणि उरलेल्या चांगल्या खुर्च्या लवकर भरतात. ‘प्रवेशपत्रिका आवश्यक’ असे लिहिले असेल तर पत्रिका कोणत्या दुकानात किंवा कार्यालयात मिळते, ते त्याच जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत असते. पत्रिका एका व्यक्तीची की दोघांची, तेही तेथेच पाहा.

सभासदांच्या कार्यक्रमांचा नियम वेगळा असतो. सानंदसारख्या संस्थेत वर्गणी भरून सभासद होता येते. ज्याला मराठी नाटके आणि गाणे दोन्हींची आवड आहे आणि ज्याचे शिक्षण अजून दोन-तीन वर्षे इंदूरमध्येच आहे, त्याने हा खर्च अवश्य करावा. एकाच सुट्टीपुरते ऐकायचे असेल तर आधी संस्थेला फोन करून पाहुण्यांसाठी काही सोय आहे का, ते विचारा. दुसऱ्याच्या ओळखपत्रावर आत शिरण्याचा प्रयत्न मुळीच करू नका. द्वाराशी उभे असलेले कार्यकर्ते सभासदांना चेहऱ्याने ओळखतात.

घरगुती बैठकीला तिकीट नसते, पण निमंत्रण लागते. यजमानांना आदल्या दिवशी फोन करून, “मी संगीताचा विद्यार्थी नाही, पण ऐकायला यायची इच्छा आहे, चालेल का?” असे सरळ विचारावे. सोबत कोणाला आणायचे असेल तर तेही विचारावे. चार मित्रांचा घोळका न विचारता घेऊन जाणे हे घरच्यांना अडचणीचे होते, कारण बैठकीनंतर सर्वांना चहा-फराळ देण्याची पद्धत अजून अनेक घरांत टिकून आहे आणि काकूंनी तो मोजून केलेला असतो.

6. जवळ काय असावे

- महाविद्यालयाचे ओळखपत्र आणि आधार कार्डाची प्रत. विद्यार्थी सवलत असेल तर मूळ ओळखपत्रच मागतात, मोबाइलमधले छायाचित्र चालेलच असे नाही.
- प्रवेशपत्रिका किंवा तिकीट. मोबाइलमध्ये असेल तर इंटरनेटशिवाय उघडेल अशा रीतीने उतरवून घेतलेले.
- छोटी वही आणि पेन्सिल. पेनची टकटक शांत सभागृहात ऐकू जाते.
- पाण्याची बाटली, आणि वातानुकूलित सभागृहासाठी पातळ शाल किंवा उपरणे. बाहेर चाळिसाच्या घरातले ऊन आणि आत तीन तास गार हवा, यात अनेकांचा घसा बसतो.
- दुचाकीच्या तळासाठी सुटे पैसे आणि परतीच्या वाहनाची आधीच ठरवलेली सोय.
- मेअखेरीस आणि जूनमध्ये उघड्यावरचा कार्यक्रम असेल तर वारा-वावधानाचा विचार. माळव्यात संध्याकाळी अचानक वादळ उठते आणि मांडव रिकामा करावा लागतो.

7. बसायचे कोठे आणि वागायचे कसे

प्रेक्षकांच्या बाजूने पाहिले तर तबलजी बहुधा गायकाच्या डावीकडे आणि संवादिनीवादक उजवीकडे दिसतो. नवख्याने बैठकीत अशा ठिकाणी बसावे, की तबलजीचे दोन्ही हात दिसतील. तालाची ‘खाली’ कोठे आली, हे कान चुकला तरी डोळ्यांना कळते. सभागृहात मात्र अगदी पुढे बसू नका. तेथे कर्ण्याचा आवाज एका बाजूने येतो आणि तंबोरे ऐकूच येत नाहीत. मधल्या रांगांत, मध्यभागी बसावे.

सुरुवातीची पाच-दहा मिनिटे वाद्ये लावण्यात जातात. या वेळेला कार्यक्रम सुरू झालेला नाही असे समजून गप्पा मारणारे श्रोते पाहिले की मला मनापासून वाईट वाटते, कारण नवख्याला कान तयार करायची याहून चांगली संधी मिळत नाही. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेने तबल्याची पुडी (वरचे चामडे) ताणली जाऊन सूर चढलेला असतो आणि वातानुकूलित दालनात आल्यावर तो पुन्हा बदलतो. तबलजी हातोडीने गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या चामडी विणीवर) वरून हलके ठोके देतो तेव्हा सूर चढतो, खालून देतो तेव्हा उतरतो. फरक मोठा असेल तर तो बाजूच्या चामडी वादीखालचे लाकडी गट्टे सरकवतो. तिकडे तंबोऱ्यावर मागे बसलेला शिष्य घोडीवरच्या तारेखाली सुताचा धागा केसभर पुढे-मागे करत असतो आणि एका क्षणी तार नुसती वाजायची थांबून गुंजायला लागते. त्याला जवारी लागणे म्हणतात. हा बदल डोळे मिटून ऐका. तो ऐकू आला, तर पुढचा षड्ज (सा) तुम्हाला वेगळाच लागेल.

गाणे चालू असताना आत-बाहेर करायचे असेल तर एक चीज संपून दुसरी सुरू होण्याच्या मधली वेळ साधा. आलापाच्या मध्ये उठून समोरून जाणे हा बैठकीतला सर्वांत मोठा अपराध समजला जातो. घरगुती बैठकीत पुढची जागा गुरुजनांसाठी आणि ज्यांना भिंतीचा आधार लागतो त्यांच्यासाठी सोडावी, पाय कलाकाराच्या दिशेने पसरू नयेत. दाद द्यावीशी वाटली तर हलक्या आवाजात ‘वाह’ म्हणा किंवा मान हलवा. प्रत्येक तानेला टाळ्या वाजवू नका. टाळ्यांची जागा चीज संपल्यावर असते. पुढचा माणूस दाद देतो म्हणून आपणही द्यायची, हे टाळा. गप्प बसून ऐकणारा श्रोता कलाकाराला अधिक आवडतो.

ध्वनिमुद्रण करायचे असेल तर कार्यक्रमापूर्वी आयोजकांची आणि कलाकाराची परवानगी घ्या. परवानगी मिळाली नाही तर मोबाइल पिशवीत ठेवा. फर्माईश चिठ्ठीवर लिहून मध्यंतरात आयोजकांकडे द्यावी आणि ती पूर्ण झाली नाही तर मनावर घेऊ नये. सकाळच्या रागाची फर्माईश रात्रीच्या मैफलीत करू नये, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरेसे आहे.

8. तिकिटाचे मोठे कार्यक्रम

चित्रपट गायकांचे आणि लोकप्रिय बँडचे मोठे कार्यक्रम इंदूरमध्येही होतात. त्यांची तिकिटे फक्त अधिकृत ॲपवरून घ्या. माझ्या एका मैत्रिणीने समाजमाध्यमावरच्या अनोळखी माणसाकडून तिकीट विकत घेतले. त्याचा क्यूआर कोड त्याने आणखी कोणाला विकला होता आणि जो आधी पोहोचला तो आत गेला. कोड एकदाच चालतो, म्हणून स्वतःच्या खऱ्या तिकिटाचे छायाचित्रही आनंदाच्या भरात कोठे टाकू नका. पैसे भरण्यापूर्वी वयाची अट, उभे राहायचे की बसायचे, एकदा बाहेर पडल्यावर पुन्हा आत सोडतात का आणि सुविधा शुल्क धरून एकूण रक्कम किती होते, हे चार मुद्दे वाचा. बाहेरची बाटली, मोठी पिशवी आणि काही ठिकाणी पॉवर बँकही द्वाराशीच ठेवून घेतात.

कानांची काळजी हा येथे टाळता न येणारा विषय आहे. अशा ठिकाणी आवाजाची पातळी पंधरा मिनिटांच्या सरासरीने 100 डेसिबलपेक्षा अधिक नसावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे 2022 चे मानक सांगते. पण कर्ण्यांच्या भिंतीसमोर उभे राहिल्यावर त्या मर्यादेचा भरवसा धरता येत नाही. औषधांच्या दुकानात मिळणारे फोमचे कर्णरोधक जवळ ठेवा, कर्ण्यांपासून दूर उभे राहा आणि अधूनमधून शांत जागी जाऊन कानांना विश्रांती द्या. घरी आल्यावर कानात सतत शिट्टी वाजत राहिली आणि ती दुसऱ्या दिवशीही थांबली नाही, तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

9. इंदूरबाहेर: देवास आणि निवासी शिबिर

देवास पस्तीस-चाळीस किलोमीटरवर आहे आणि तिकडे दिवसभर बसेस असतात. कुमार गंधर्वांची जयंती 8 एप्रिलला येते. त्या सुमारास देवासच्या मल्हार स्मृती मंदिरात त्यांच्या नावाचा समारोह होत आला आहे. या वर्षीच्या तारखा आणि वेळ मात्र वर्तमानपत्रात पाहूनच निघा. संध्याकाळच्या कार्यक्रमाला जाताना परतीचा प्रश्न आधी सोडवा. रात्री उशिरा हमरस्त्यावर बसची वाट पाहत उभे राहण्यापेक्षा तिघा-चौघांनी मिळून वाहन ठरवणे किंवा देवासच्या एखाद्या मित्राकडे मुक्काम करणे बरे.

सुट्टीतल्या एकाच मोठ्या प्रवासासाठी पैसे असतील, तर मी स्पिक मॅकेच्या वार्षिक अधिवेशनाची शिफारस करीन. 1977 मध्ये दिल्लीच्या आयआयटीत प्राध्यापक किरण सेठ यांनी सुरू केलेली ही विद्यार्थ्यांची चळवळ आहे आणि तिचे आठवडाभराचे निवासी अधिवेशन साधारण मे-जूनमध्ये देशातल्या एखाद्या मोठ्या शैक्षणिक संस्थेच्या आवारात भरते. पहाटे उठणे, योग, श्रमदान, साधे सात्त्विक जेवण, दिवसा एका गुरूंकडे सलग शिकणे आणि रात्री मैफल, असा तेथला दिनक्रम असतो. शेवटी रात्रभराची मैफल होते, आणि जो दरबारी किंवा मालकंस इंदूरच्या सभागृहात ऐकायला मिळत नाही, तो मध्यरात्री आपल्या वेळेला ऐकण्याची हीच संधी. याच संस्थेची गुरुकुल अनुभव नावाची योजना आहे, तिच्यात निवडलेले विद्यार्थी उन्हाळ्यात गुरूंच्या सहवासात राहतात. दोन्हींसाठी नोंदणी आधी करावी लागते, म्हणून जानेवारीपासूनच संस्थेच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा.

रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या 60 दिवस आधी उघडते आणि मेमधल्या गाड्या लवकर भरतात. तत्काळच्या भरवशावर राहायचे असेल तर आपले आयआरसीटीसी खाते आधारशी जोडून आधीच प्रमाणित करून ठेवा. त्याशिवाय तत्काळचे ऑनलाइन तिकीट निघत नाही. घरच्यांना अधिवेशनाचे पत्र, राहण्याचा पत्ता आणि आयोजकांचा दूरध्वनी क्रमांक लिहून द्या. मुलींना परवानगी मिळण्यातली अर्धी अडचण या एका कागदाने दूर होते.

10. ऐकलेले त्याच रात्री लिहा

कार्यक्रमाहून आल्यावर, सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाऊन आलात तरी हरकत नाही, पण झोपण्यापूर्वी वहीत पाच ओळी लिहा: तारीख व ठिकाण, कलाकार आणि साथीदारांची नावे, राग आणि ताल, बंदिशीचा जेवढा आठवतो तेवढा मुखडा, आणि कोणत्या क्षणी आपण लक्ष देऊन ऐकत होतो व कोठे ते सुटले. रागाचे नाव निवेदकाने सांगितले नसेल तर मध्यंतरात साथीदारांपैकी एखाद्याला किंवा शेजारच्या जाणत्या श्रोत्याला विचारावे. मुख्य गायकाला त्याच्या विश्रांतीच्या वेळेत छेडू नये. दुसऱ्या दिवशी तोच राग तुम्ही निवडलेल्या गायकाच्या ध्वनिमुद्रणात शोधून ऐका आणि दोन्हींत काय वेगळे आहे, ते त्याच पानावर खाली लिहा. कालच्या गायकाने पहिला षड्ज लावल्यावर किती वेळाने पंचम घेतला आणि मुद्रणातल्या गायकाने किती वेळाने घेतला, एवढ्या एका प्रश्नापासूनही सुरुवात करता येते.

जूनच्या अखेरीस ही वही घेऊन आपल्या भागातल्या एखाद्या संगीत वर्गात जा आणि गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाची तारीख विचारून या. तेथे तुमच्याच वयाची मुले-मुली पहिल्यांदा व्यासपीठावर गाणार असतात, सतरंज्या घालायला आणि तंबोरे उचलून ठेवायला आयोजकांना हात हवे असतात, आणि जो सकाळी मदतीला जातो त्याला संध्याकाळी तबलजीच्या शेजारी बसायला जागा मिळते.